शिल्लक माणसांचं गणित

खिशातला मोबाइल बंद करून टाका, इथे त्याला रेंज मिळायची नाही. हातात पाच सेंटचं नाणं असू द्या; न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचं भाडं तेवढंच आहे. 116व्या रस्त्याच्या स्टेशनावर उतरा, जिना चढून ब्रॉडवेवर या, की कोलंबिया विद्यापीठ समोरच आहे. तारीख 9 मे 1916, वार मंगळवार. युरोपात व्हर्दूंची लढाई पेटली आहे, अमेरिका अजून युद्धाबाहेर आहे. आणि तिकडे बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढून अजून पंधरवडाही झालेला नाही.

तुम्हाला जायचंय ते अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारला. गोल्डनवायझर जन्माने कीव्हचे, वय छत्तीस, फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. माणसाचं वागणं वंशातून येत नाही, संस्कृतीतून येतं, हे बोआस इथे वर्षानुवर्षं शिकवताहेत. हिंदुस्थानात मात्र जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी लोकांची नाकं मोजून जातींची उतरंड लावली होती, आणि तिला शास्त्र म्हणून मान होता. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघायला अजून तीन वर्षं आहेत.

मागच्या खुर्चीवर बसा. एक पथ्य पाळा: पुढे कागद घेऊन उभ्या असलेल्या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला चुकूनही ‘बाबासाहेब’ म्हणू नका. इथे ते मिस्टर आंबेडकर आहेत. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली आले, गेल्या वर्षी एम.ए. झाले, महिन्याभरात लंडनला निघतील. निबंधाचा विषय आहे हिंदुस्थानातल्या जाती: त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास.

तुम्ही वाट बघताय ती शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या अंथरलेल्या गोणपाटाची आणि न मिळालेल्या पाण्याची. ते काही येत नाही. भीमराव स्वतः काय सोसलं हे सांगतच नाहीत. आधी चार विद्वानांच्या व्याख्या टेबलावर मांडतात: सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि चौथे श्रीधर व्यंकटेश केतकर. हो, पुढे ज्ञानकोश करणारे आपले केतकरच. याच न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेलमध्ये शिकलेले. जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक 1909 मध्ये आलं. भीमराव त्यांना मान देतात आणि लगेच दुरुस्तीही सुचवतात. केतकर जातीची दोन लक्षणं सांगतात: सभासदत्व जन्माने मिळतं आणि लग्न बाहेर करता येत नाही. भीमराव म्हणतात, ही दोन कुठे, एकच तर आहे. बाहेर लग्न बंद केलं की बाहेरचा माणूस जन्माने आत येणार कुठून?

मग गोत्र. सगोत्र लग्न नको, हा या समाजाचा जुना, घट्ट नियम. म्हणजे मुळात बाहेर लग्न करणारा हा समाज. अशा समाजावर आतच लग्न करायची सक्ती कुणीतरी वरून लादली, तीच जात. पण लादली ती टिकवायची कशी? इथे निबंधाला धार येते.

वहीच्या कोपऱ्यात तुमचे स्वतःचे आकडे घालून बघा. एक गट, लग्नाच्या वयाचे 50 पुरुष आणि 50 बायका. 50 जोडपी झाली, हिशेब जुळला. आता एक नवरा वारला. एक बाई शिल्लक राहिली. तिला गटात दुसरा नवरा द्यावा, तर कुठल्यातरी कुमारिकेच्या वाट्याचा मुलगा जातो. न द्यावा, तर ती गटाबाहेर लग्न करील आणि भिंत फुटेल. यावर उपाय दोनच: तिला नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवून, लग्न करावंसं कुणाला वाटू नये अशी तिची अवस्था करा.

आता बायको वारली. पुरुष शिल्लक राहिला. त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे. (हे कारण भीमराव जवळपास याच कोरडेपणाने सांगतात.) सक्तीचा ब्रह्मचारी ठेवावा, तर ते जमत नाही, आणि गटालाही त्याच्या संसाराची गरज असते. मग त्याच्यासाठी बायको आणायची कुठून? ज्यांचं लग्नाचं वय अजून झालेलं नाही त्यांच्यातून. बालिकाविवाह.

इथे क्षणभर पेन्सिल खाली ठेवा आणि तुम्ही जिथून आलात तिथला इतिहास आठवा. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863 मध्ये विधवांच्या मुलांसाठी बालहत्याप्रतिबंधक गृह काढलं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन 1889 चं. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रमाची संस्था काढली. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांवर महाराष्ट्रात शंभर वर्षं रण माजलं, पण बहुतेक सुधारकांच्या लेखी या वेगवेगळ्या दुष्ट रूढी होत्या आणि एकेक करून घालवायच्या होत्या. जोतीरावांनी बाईचं दुःख आणि जात एकाच लढ्यात घेतली होती, हे खरं. पण तिन्ही रूढी म्हणजे जात बंद ठेवण्याची हत्यारं, असा रोखठोक हिशेब मांडला तो या खोलीत. माझ्या मते मराठी माणसाने समाजशास्त्राला दिलेली ही सगळ्यात मोठी देणगी आहे, आणि ती देताना वक्त्याचा आवाजही चढलेला नाही.

पुढचा प्रश्न: दार आधी कुणी लावलं? भीमरावांचं उत्तर, पुरोहितवर्गाने. मनूने जात निर्माण केली, हे मात्र त्यांना मान्य नाही. एक माणूस एवढा मोठा समाज घडवू शकत नाही. मनूने होतं त्याला शास्त्राचा आधार दिला. मग ही प्रथा इतरांत पसरली कशी? त्यासाठी ते फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्दला साक्षीला बोलावतात. तार्दचा अनुकरणाचा सिद्धांत 1890 चा. त्याचं इंग्रजी भाषांतर 1903 मध्ये एल्सी क्लूज पार्सन्स यांनी केलं आणि प्रस्तावना लिहिली कोलंबियाच्याच फ्रँकलिन गिडिंग्ज यांनी, म्हणजे भीमरावांच्या प्राध्यापकांनी. तार्द सांगतो, अनुकरण वरून खाली झिरपतं आणि अंतर जितकं कमी तितकं ते पक्कं. अंतर म्हणजे मैल नव्हेत, सामाजिक अंतर. भीमराव हा नियम जातींना लावतात: ब्राह्मणांच्या अगदी जवळच्या जातींनी तिन्ही रूढी उचलल्या, त्यांच्या खालच्यांनी सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह, त्याहून दूरच्यांनी नुसता बालविवाह, आणि सगळ्यात दूरच्यांनी फक्त जातीवरची श्रद्धा.

तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडे कितीतरी जातींत विधवेचा पाट लागत असे, आणि घराणं जरा वर चढलं की पहिली लाज वाटायची ती पाटाचीच. पण अनुकरण सगळंच हौसेचं नव्हतं. काहींनी दार लावून घेतल्यावर बाकीचे आपोआप बाहेर राहिले, आणि नियम मोडणाऱ्याला बहिष्कृत केलं की त्याची आणखी एक नवी जात झाली. म्हणून एकटी जात असूच शकत नाही, जाती नेहमी अनेकवचनात असतात.

हात वर करून शंका विचारावीशी वाटेल, ती मनातच ठेवा. निबंधात जमीन आणि राबणारे हात यांचा हिशेब तोकडा आहे, अस्पृश्यता जवळजवळ नाहीच. वरच्यांचं बघून खालचे शिकले, एवढ्याने हजारो वर्षांची दंडेली उलगडत नाही. पण भीमराव इथे थांबायचे नाहीत. वीस वर्षांनी, 1936 मध्ये, लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेलं आणि तिथे होऊ न दिलेलं भाषण ते स्वतः छापतील आणि जातीवरचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय लग्नाचं नाव घेतील. लग्नबंदी हेच कुलूप असेल तर किल्ली दुसरीकडे कुठे असणार?

सेमिनार सुटला, परत या. वाटेत हेही ऐकून ठेवा: निबंध मे 1917 मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. वरच्या जातींच्या अनुकरणाची प्रक्रिया एम. एन. श्रीनिवासांनी 1952 मध्ये ‘संस्कृतीकरण’ या नावाने मांडली आणि ती पाठ्यपुस्तकांत गेली. 1916 चा निबंध मात्र समाजशास्त्राच्या वर्गात फार उशिरा पोचला. आणि 2011-12 च्या देशव्यापी मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण निघालं सुमारे 5 टक्के.

महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात हा पहिलाच लेख आहे, वीसेक पानांचा. तो आधी वाचा, आणि मग मुलाच्या बायोडेटात ‘स्वजातीय स्थळ हवे’ हे लिहायचं की नाही ते ठरवा.