जेट बोट की पंख्याची बोट? घेण्याआधी हे फायदे-तोटे समजून घ्या

2019 आणि 2021 च्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागात हजारो लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. अशा बोटींना बहुतेक वेळा मागे पंख्याचं इंजिन असतं. पंख्याऐवजी जेट असलेल्या बोटीही मिळतात. मात्र पूर, खाडी आणि मासेमारी या तिन्ही कामांना एकच बोट चालेल असं नाही.

जेट चालतं कसं?

शेतातल्या पंपासारखंच. बोटीच्या तळाला जाळी असते. तिथून पाणी आत ओढलं जातं आणि आतला इंपेलर ते मागच्या नोझलमधून जोरात बाहेर फेकतो. त्या जोरावर बोट पुढे जाते. नोझल फिरवलं की बोट वळते. मागे घ्यायची असेल तर नोझलमागे झडप खाली येते आणि धार पुढच्या दिशेला वळते.

न्यूझीलंडमधले शेतकरी बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात तिथल्या उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांसाठी अशी बोट तयार केली. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी 1977 मध्ये जेट बोटींनीच गंगासागरहून गंगेच्या उलट्या प्रवाहात नंदप्रयागपर्यंत गेले होते.

फायदे

- तळाखाली पंखा नसल्यामुळे कमी पाण्यातही बोट जाते. बांध किंवा दगडावर पंखा आपटून मोडण्याची भीती नाही.
- पाण्यात पडलेल्या माणसाला किंवा जनावराला पंख्याची पाती लागत नाहीत. बचावकार्यात हा मोठा फायदा.
- वेगात असतानाही बोट थोड्या अंतरात थांबवता येते.

तोटे

- गॅस सोडला की धार बंद होते आणि बोट नीट वळत नाही. समोर अडथळा दिसला की नवखा चालक घाबरून गॅस सोडतो आणि बोट सरळ जाऊन धडकते. वळायचं असेल तर थोडा गॅस ठेवावाच लागतो.
- जलपर्णी, गवत, प्लास्टिक, दोरी जाळीत अडकली की जोर जातो. पुराच्या पाण्यात हीच घाण सर्वात जास्त असते.
- वाळू-खडी आत गेली की इंपेलर झिजतो.
- हळू चालताना किंवा जास्त वजन असताना डिझेल-पेट्रोल जास्त लागतं. बाहेर लावायच्या इंजिनाला जेट जोडलं तर साधारण 30 टक्के ताकद कमी होते.
- किंमत आणि दुरुस्तीचा खर्च जास्त. तालुक्याच्या ठिकाणी मेकॅनिक मिळणंही अवघड.

कोणाला काय योग्य?

जाळं ओढत हळू चालणाऱ्या मच्छीमार होडीला पंखाच परवडतो. उथळ, स्वच्छ आणि वेगवान पाण्यात जेट सरस. पुरासाठी जेट घ्यायचं असेल तर जाळी वरून उघडून साफ करता येते का, हे आधी पाहावं. नाहीतर ऐन धारेत बोट बंद पडेल.

ही काळजी घ्याच

इंजिन चालू असताना जाळीजवळ हात, साडीचा पदर, मोकळे केस किंवा दोरी नेऊ नये. नोझलच्या मागे कोणी उभं राहू नये. साफसफाई इंजिन पूर्ण बंद करूनच करावी. बोटीत बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच. आणि चालकाचा सराव पावसाळ्याआधी, शांत पाण्यात झालेला असावा.