पद्मिनी, भोर आणि १९३७ चं इंजिन

मे १९९६. महाडहून वरंधा घाट चढताना बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचं हेड गॅस्केट उडालं. दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला मावशीकडे लग्न! ट्रकमागे दोर बांधून गाडी कशीबशी भोरला आणली.

मिस्त्रींनी रात्रीत गॅस्केट बदललं. तरी इंजिन थरथरतंय, कार्बुरेटरमधून फटाके फुटताहेत... बाबा म्हणाले, "गॅस्केटच डुप्लिकेट असणार."

"गॅस्केट बरोबर हाय सायेब. हेड काढताना रॉकर निघतो ना, टापेट आवळ बसलेत."

म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हते. नवा कोड टाकल्यावर काही बिघडलं की आम्हीही आधी नव्यालाच शिव्या घालतो :)

मिस्त्रींनी पुस्तक वगैरे काही उघडलं नाही. गरजच काय? मुळात हे १०८९ सीसीचं इंजिन फियाटने १९३७ मध्ये आणलेलं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्याच घराण्यातलं इंजिन नव्वदीतही बनत होतं. लायसन्स राजला आपण नावं ठेवतो, ठेवायलाच हवीत. पण त्या साचलेपणामुळेच भोरच्या मिस्त्रींना ते तोंडपाठ होतं.

फीलर गेज घालून त्यांनी आठही टापेट लावले. नसरापूरमार्गे वेल्ह्याला पोचलो तेव्हा मंगलाष्टकं सुरू होती. बाबा मात्र बॉनेट उघडून पाणी बघत होते.