विस्थापनाने आखलेली सीमा

पूर्व गॅलिशिया आणि वोल्हिनिया हे पोलंड व युक्रेन यांच्यातील जुने वादग्रस्त प्रदेश. शहरांत पोलिश व ज्यू, तर खेड्यांत बहुसंख्य युक्रेनियन अशी येथील वस्ती होती. ल्विव शहरावरून १९१८-१९ मध्ये युद्ध होऊन हा भाग पोलंडकडे गेला. १९३९ मध्ये सोविएत संघाने आणि १९४१ मध्ये जर्मनीने तो व्यापला. १९४३ मध्ये युक्रेनियन बंडखोर सेनेने वोल्हिनियातील पोलिश गावांत हत्याकांड घडविले. त्यात हजारो नागरिक मारले गेले. पोलिश गटांच्या प्रतिशोधात हजारो युक्रेनियनांचा बळी गेला.

सीमा पश्चिमेकडे सरकवून तिच्या दोन्ही बाजूंची लोकसंख्या एकजिनसी करावी, हा स्टॅलिनचा तोडगा होता. सप्टेंबर १९४४ च्या करारानुसार अदलाबदल सुरू झाली. कागदोपत्री ती ऐच्छिक होती; प्रत्यक्षात दहशत आणि लष्करी बळ वापरले गेले. १९४६ पर्यंत सुमारे पावणेपाच लाख युक्रेनियन सोविएत युक्रेनमध्ये, तर सुमारे आठ लाख पोलिश व ज्यू पोलंडमध्ये गेले. ल्विवच्या ओसोलिनेउम ग्रंथालयाचा काही संग्रहही व्रोत्स्लाव शहरात हलविण्यात आला.

पोलंडमध्ये उरलेल्या युक्रेनियनांवर २८ एप्रिल १९४७ रोजी 'ऑपरेशन विस्तुला' सुरू झाले. बंडखोरांचा आधार तोडणे हे त्याचे घोषित कारण होते. आग्नेय पोलंडमधील सुमारे १ लाख ४० हजार युक्रेनियन व लेम्को नागरिकांना उत्तर व पश्चिमेकडील, पूर्वी जर्मनीच्या असलेल्या भागांत विखरून वसविण्यात आले. कोणत्याही गावात त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक होऊ नये, असा दंडक होता. भाषा व ओळख पुसली जावी, हाच त्यामागील हेतू. संशयितांची रवानगी याव्होज्नोच्या छावणीत झाली.

या उलथापालथीचा एक धागा कोल्हापूरपर्यंत पोहोचतो. सोविएत राजवटीने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्यांपैकी सुमारे पाच हजार निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथील छावणीत राहिले. युद्ध संपले तेव्हा त्यांतील अनेकांची गावे पोलंडमध्ये उरली नव्हती.

पोलिश सिनेटने १९९० मध्ये 'ऑपरेशन विस्तुला'चा निषेध केला. २०१६ मध्ये पोलिश संसदेने वोल्हिनियातील हत्याकांडाला वंशसंहार ठरविले. युक्रेनला ही व्याख्या मान्य झाली नाही. रशियाच्या २०२२ मधील आक्रमणानंतर पोलंडने लाखो युक्रेनियनांना आश्रय दिला, तरी मृतांच्या दफनाचा प्रश्न उरलाच. अखेर २०२५ मध्ये पश्चिम युक्रेनमधील पुझ्निकी या नष्ट झालेल्या गावी पोलिश मृतांचे अवशेष बाहेर काढून त्यांचे दफन करण्यात आले.