म्हापशाचे सर्जन डॉ. पुंडलिक गायतोंडे

मंडळी, आज आपल्या डॉ. पुंडलिक गायतोंडे यांची आठवण. मूळचे काणकोणातल्या पाळोळ्याचे. वैद्यकीचं पुढलं शिक्षण लिस्बनला, पत्नी एदिला पोर्तुगीज, म्हापशात सर्जन म्हणून मोठं नाव. गप्प राहिले असते तर आयुष्य सुखात गेलं असतं.

फेब्रुवारी १९५४. म्हापशात एका न्यायाधीशाच्या निरोपाची मेजवानी होती. भाषणात एक वकील म्हणाले, हे पोर्तुगालच आहे. डॉक्टरांनी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर निषेध केला. बस्स, एवढंच. त्यासाठी त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला पाठवण्यात आलं. चालती प्रॅक्टिस गेली, घर सुटलं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना गोव्याचे प्रतिनिधी म्हणून लोकसभेवर नेमलं. पुढे १९८७ मध्ये गोवामुक्तीवर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. १९९२ साली डॉक्टर गेले.

लाठ्या खाल्लेले, तुरुंगात सडलेले सत्याग्रही आपण आठवतो, आठवायलाच हवेत. पण ज्याच्याकडे गमावण्यासारखं खूप होतं आणि तरीही जो बोलला, त्या डॉक्टरांचंही नाव घरातल्या मुलांच्या कानावर घाला.