पर्यावरणीय दाव्यांची लोकसुलभता : सातारा व सांगली जिल्हे

पाणी, हवा, जमीन वा वने यांच्या ऱ्हासाविरुद्ध सामान्य नागरिकास परवडेल अशा खर्चात न्यायालयाकडे दाद मागता येणे, यास पर्यावरणीय दाव्यांची लोकसुलभता म्हणता येईल. अशी दाद अतिखर्चिक नसावी, हे तत्त्व डेन्मार्कमधील आर्हूस येथे झालेल्या करारात (१९९८) नमूद झाले. भारत या कराराचा सदस्य नाही. येथे हा प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. सातारा व सांगली जिल्ह्यांत त्यास कृष्णा नदीचा संदर्भ आहे. जुन्या महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी कराडवरून सांगलीकडे वाहते. त्यामुळे वरच्या गावाचे सांडपाणी खालच्या गावाच्या वाट्यास येते आणि दाद मागण्याचा भारही खालच्यांवरच पडतो.

जुनी दारे निदान जवळ होती. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली (२०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १५२) प्रांताधिकाऱ्याकडून मिळविता येई. अशाच रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात (१९८०) पैसा नसल्याची सबब सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. प्रदूषण कायद्याचे दार मात्र अरुंद होते. जल अधिनियमाखाली (१९७४, महाराष्ट्रात लागू १९८१) फिर्याद करण्याचा अधिकार मुख्यत: प्रदूषण मंडळाकडे होता, १९८८ च्या दुरुस्तीनंतर साठ दिवसांची नोटीस देऊन कोणाही व्यक्तीस ती करता येऊ लागली.

एस. पी. गुप्ता खटल्यातील निकालाने (१९८१) जनहित याचिकेस बळ दिले. साध्या पत्राचीही न्यायालये दखल घेऊ लागली. तथापि उच्च न्यायालय मुंबईस असल्याने प्रवास, मुक्काम व वकील यांचा खर्च टळला नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, त्यामागील पाठपुराव्यात मुंबईतील संस्थेचा वाटा मोठा होता, हे सूचक आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियमाने (२०१०) शुल्काचा प्रश्न बराच सोडविला. भरपाईची मागणी नसल्यास एक हजार रुपये, असल्यास मागणीच्या एक टक्का (किमान एक हजार) शुल्क असून दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ते माफ आहे. पश्चिम विभागाचे पीठ २०१३ मध्ये पुण्यास सुरू झाले. मात्र याच अधिनियमाच्या कलम २९ ने न्यायाधिकरणाच्या कक्षेतील दाव्यांपुरते दिवाणी न्यायालयांचे दार बंद केले. पूर्वी पलूसच्या शेतकऱ्यास पिकाच्या नुकसानीचा दावा जिल्ह्यातच, मराठीतून चालविता येई. आता पुण्यास जावे लागते आणि मराठी कागदपत्रांची भाषांतरे करावी लागतात. शुल्क कमी झाले, पण ते बचतीत पडतेच असे नाही. शिवाय तक्रारीस सहा महिन्यांची व भरपाईस पाच वर्षांची मुदत आहे. २०१८ च्या सुमारास सदस्यांअभावी विभागीय पीठांचे काम ठप्पच झाले होते. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, ही तरतूद खेड्यांत फारशी परिचित नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरास उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाल्याने मात्र सांगलीकरांची मुंबईची वाट सुमारे पन्नास किलोमीटरांवर आली.

सर्वांत महाग ठरतो तो पुरावा. सांगली परिसरात २०२२-२३ मध्ये कृष्णेतील मासे मोठ्या प्रमाणावर मेले आणि हा प्रश्न न्यायाधिकरणापर्यंत गेला. अशा वेळी पाण्याचा नमुना त्याच दिवशी घ्यावा लागतो. जल अधिनियमाखालील विहित पद्धतीने तो घेण्याचा अधिकार मंडळाच्या अधिकाऱ्यास असतो, गावकऱ्यास नसतो. अधिकारी येईपर्यंत नदीचे पाणी पुढे गेलेले असते.