पुस्तक कोणत्या आवृत्तीचे?

संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ यंत्रणेस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तिच्याकडे काय मागावे व कसे मागावे, हे तिच्या मॅन्युअलात दिलेले असते. यंत्रणा नवी आली की प्रश्न उभा राहतो: हाताशी असलेले जुने पुस्तक चालेल काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस युनिक्सच्या इतिहासात सापडते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स उभारले. त्याच्या मॅन्युअलाची पहिली आवृत्ती 3 नोव्हेंबर 1971 ची. तीत आज्ञांचे ज्ञात दोषही त्या त्या पानावर नोंदविलेले होते. आपल्या मालातील दोष स्वतःच छापून देणारा कारखानदार आम्ही तरी क्वचितच पाहिला! पुढे यंत्रणेस नावही मॅन्युअलावरूनच मिळू लागले. 1975 ची 'सहावी आवृत्ती' म्हणजे मॅन्युअलाची सहावी आवृत्ती. मुखपृष्ठावरील आकडा पाहिला की निवड झाली.

त्या आकड्याला महत्त्व होते. सहाव्या आवृत्तीत फायलीतील ठराविक जागी जाण्यासाठी 'सीक' ही आज्ञा असे. तिला दिलेला आकडा 65,535 पलीकडे जात नसे. म्हणून मोठ्या फायलीत 512 बाइटांचे गठ्ठे मोजीत जावे लागे. 1979 च्या सातव्या आवृत्तीत तिची जागा 'एलसीक'ने घेतली व ती अडचण संपली. जुन्या पुस्तकावर विसंबणारा माणूस कितीही हुशार असला तरी येथे अडणारच.

मग जुने पुस्तक रद्दीत घालावे काय? मुळीच नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी 1976 साली विद्यार्थ्यांसाठी सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यावर भाष्य लिहिले. मॅन्युअल 'काय' ते सांगे. लायन्स 'का' ते सांगत. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ संहिता वर्गात शिकविण्यास मनाई केली. परिणाम? लायन्स यांच्या भाष्याच्या छायाप्रती हातोहात फिरत राहिल्या. रीतसर पुस्तक निघावयास 1996 साल उजाडले. हॉलंडात अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी तर शिकविण्यासाठी 1987 साली मिनिक्स ही स्वतंत्र यंत्रणाच लिहून काढली.

तात्पर्य हे की, आज्ञेचे नाव, तिला द्यावयाचे आकडे व तिच्याकडून मिळणारे उत्तर यांबाबत चालू यंत्रणेचेच मॅन्युअल प्रमाण मानावे. नव्याजुन्यांत विरोध आला तर नवे खरे. यंत्रणेची घडण समजून घेण्यास मात्र जुने भाष्य जवळ असावे.

स्टँडिंग ऑर्डर्सची जुनी प्रत घेऊन चौकशीस गेलेला कामगार बाजू खरी असूनही हरतो, हे आम्ही पाहिले आहे. 1946 च्या कायद्याने त्या ऑर्डर्स कारखान्याच्या दाराशी, कामगारांना समजेल अशा भाषेत लावणे मालकावर बंधनकारक केले, त्यामागे हेच शहाणपण होते. ज्या नियमांनी माणसाला काम करावयाचे, ते नियम, तेही चालू आवृत्तीचे, त्याच्या हाती असलेच पाहिजेत. ते कुलपात ठेवून त्याच्या चुका मोजणे हा न्याय नव्हे.