चित्र माझंच आहे

१३ मे १६६४. तुम्ही बोलोन्यात आहात. पोपच्या राज्यातलं रोमखालोखालचं हे शहर रेशमावर आणि विद्यापीठावर जगतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना कमानींच्या ओसऱ्या आहेत, त्यामुळे उन्हाचा त्रास नाही. तुमच्यापुढून एक लवाजमा चालला आहे. तोस्कानाचा युवराज कोसिमो दे मेदिची एका चित्रकर्तीच्या घरी निघाला आहे. बिनधास्त त्याच्या मागोमाग आत शिरा. या घरात बघ्यांना मज्जाव नाही.

आत जवसाच्या तेलाचा वास कोंदलेला आहे. भिंतींना टेकवलेले कॅनव्हास, फळ्यांवर प्लास्टरचे हात, पाय, मुंडकी. नग्न पुरुष देह समोर बसवून रेखाटायची मुभा बायकांना नाही, तेव्हा शरीरशास्त्र शिकायचं ते या तुकड्यांवरून आणि वडिलांनी जमवलेल्या छापचित्रांवरून. वडील ते, जोव्हान्नी आंद्रेआ सिरानी. थोर चित्रकार ग्विदो रेनी यांचे एकेकाळचे भरवशाचे सहायक. आता गाऊटनं त्यांची बोटं आखडली आहेत, ब्रश धरवत नाही. मुलीला चित्रकला शिकवायला ते सुरुवातीला राजी नव्हते. माल्वासिया या विद्वान स्नेह्यानं त्यांचं मन वळवलं, असं तो स्वतःच लिहून ठेवणार आहे. आज घराची चूल त्या मुलीच्या ब्रशावर पेटते.

ती बघा, कॅनव्हाससमोर. एलिझाबेत्ता सिरानी, वय २६. युवराजाचे काका लिओपोल्दो यांच्यासाठीच्या चित्रावर तिचं काम चालू आहे. तिचा हात बघा. ब्रश अडखळत नाही. कच्चं चित्र करतानाही ती खडूच्या चार रेघा ओढते आणि थेट ब्रशानं पातळ शाई सोडत जाते. छाया-प्रकाश त्यातूनच उभे राहतात. मागे उभी असलेली मंडळी एकमेकांकडे पाहतात. ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ असं आपण म्हणतो, पण या बाईच्या हाताला दर वेळी आरसा लागतो. एवढ्या झपाट्यानं एवढी चित्रं एका मुलीनं काढलीच नसतील, बापाचा हात असणार, असा संशय गावात आहेच. त्याला तिचं उत्तर एकच: या, बसा, बघा.

युवराज प्रसन्न होतो आणि जाण्यापूर्वी स्वतःसाठी माता मेरीच्या एका चित्राची मागणी नोंदवतो. ही भेट एलिझाबेत्ता आपल्या वहीत टिपणार आहे. १६५५ पासून, म्हणजे सतराव्या वर्षापासून, ती ही यादी ठेवते आहे: कोणतं चित्र, कोणासाठी, त्यात काय आहे. यादी आता बरीच लांबली आहे. दुसरा पुरावा खुद्द चित्रांत आहे. सही ती कोपऱ्यात उरकत नाही. कधी बटणावर काढते, कधी लेसवर. गेल्या वर्षी रंगवलेल्या मेरी आणि बाळाच्या चित्रात तर तिचं नाव उशीच्या शिवणीवर सोनेरी अक्षरांत आहे. त्यातल्या मेरीच्या डोक्याला बोलोन्याकडच्या शेतकरणीसारखं फडकं गुंडाळलेलं आहे.

जरा मागे चला, १६५९ मध्ये. सिकंदरानं थीब्स जिंकलं तेव्हाची गोष्ट तिनं हातात घेतली आहे. त्याच्या एका सरदारानं तिमोक्लेआ नावाच्या तिथल्या बाईवर बलात्कार केला आणि वर लपवलेलं धन मागितलं. तिनं त्याला विहिरीपाशी नेऊन आत ढकललं. चित्रकार बहुधा पुढचा प्रसंग काढत: बंदिवान तिमोक्लेआ सिकंदरासमोर उभी, आणि तो उदारपणे तिला सोडून देतो. एलिझाबेत्तानं सिकंदराला चित्रात घेतलंच नाही. तिच्या चित्रात सरदार खाली डोकं वर पाय करून विहिरीत चालला आहे आणि तिमोक्लेआ शांतपणे त्याला लोटते आहे.

पुन्हा १६६४ मध्ये या. याच वर्षी ती पोर्शिया रंगवते, प्राचीन रोममधल्या ब्रूटसची बायको. नवऱ्याच्या कटाचं गुपित आपल्या पोटात राहील हे पटवण्यासाठी तिनं स्वतःच्या मांडीत सुरी खुपसली होती. चित्रात पोर्शिया एकटी आहे. मागच्या दालनात बायका सुताच्या कामात गुंग आहेत. आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून रक्त काढून दाखवणारी बाई हिला का रंगवावीशी वाटली, ते या घरात तासभर उभं राहिलेल्या तुम्हाला सांगायला नको.

निघण्यापूर्वी आसपासच्या बायकांकडे बघा. बार्बरा आणि आन्ना मारिया या तिच्या बहिणी आहेत, तिच्या हाताखाली तयार झालेल्या चित्रकार. पण इथे घराबाहेरच्याही बायका शिकतात. जिनेव्ह्रा कांतोफोली तर तिच्याहून वीस वर्षांनी मोठी. चित्रकाराची लेक किंवा मठातली जोगीण नसलेल्या बाईला हे दार एरवी बंदच असतं.

आता १६६५चा ऑगस्ट. एलिझाबेत्ताला पोटदुखीनं घेरलं आहे. २८ तारखेला ती जाते, सत्तावीस वर्षांची. विषप्रयोगाची हूल उठते आणि लुचिया तोलोमेल्ली या मोलकरणीवर खटला भरला जातो. शवविच्छेदन होतं, वैद्यांचं एकमत होत नाही, विष सिद्ध होत नाही. आजचे अभ्यासक पोटातला व्रण फुटल्याचं निदान करतात. १४ नोव्हेंबरला सान दोमेनिको चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ भव्य सोहळा होतो. त्यासाठी लाकडी मंदिर उभारलं आहे आणि त्यात चित्र काढत बसलेली तिची माणसाएवढी प्रतिमा. तिचं दफनही इथेच, ग्विदो रेनीच्याच थडग्यात.

एवढा मान मिळूनही पुढे लोकांच्या तोंडी उरली ती विषाची कहाणी. पण १६७८ मध्ये माल्वासियानं बोलोन्याच्या चित्रकारांवरच्या ग्रंथात तिची यादी छापली: दहा वर्षं, दोनशेच्या आसपास चित्रं. कोणतं चित्र तिचं, हे ठरवताना अभ्यासक आजही तीच यादी उघडतात. तेव्हा तिच्या मरणाचं गूढ कोणी रंगवून सांगू लागलं, तर त्याला आधी तिची यादी वाचायला सांगा.